नव्या गेकोला आधी ऊब, मग खाऊ

घरात नवा गेको आला की दोन-तीन दिवसांत बहुतेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : हा खात का नाही? काचपेटीत सोडलेले किडे इकडून तिकडे पळत असतात आणि गेको मात्र कोपऱ्यातल्या आडोशाखाली अंग चोरून बसलेला असतो. मुले हिरमुसतात, मोठ्यांच्या मनात पाल चुकचुकते. मग कोणी किडे बदलून पाहते, कोणी त्याला हातात घेऊन भरवू पाहते, तर कोणी दर तासाला आडोसा उचलून आत डोकावते. हे सगळे प्रेमापोटीच होते. पण त्या दिवसांत गेकोला ऊब आणि एकांत या दोनच गोष्टी हव्या असतात आणि या धावपळीत नेमक्या त्याच राहून जातात.

गेको हे पालींचेच कुळ. अंगावर पाल पडली तर पंचांगात तिचे फळ पाहणाऱ्या घरांना पाल हौसेने पाळायची ही कल्पनाच विचित्र वाटेल. पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा या देशांत लेपर्ड गेको हा सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सरड्या-पालींपैकी एक आहे. तिथल्या मराठी घरांतली मुलेही आता कुत्र्या-मांजराऐवजी त्याचा हट्ट धरतात. गेको भुंकत नाही, त्याचे केस गळत नाहीत, त्याला फिरायला न्यावे लागत नाही. म्हणून तो सांभाळायला सोपा, असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. गेकोला रोज फार वेळ द्यावा लागत नाही. पण त्याची पेटी चुकीची असेल तर तो तक्रार न करता महिनोन् महिने खंगत जातो. अशा गेकोंना होणारे बरेचसे आजार हे मुळात पेटीचे, म्हणजे उष्णतेचे, उजेडाचे आणि आहाराचे आजार असतात.

भिंतीवरच्या पालीहून वेगळा

लेपर्ड गेकोचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. तो मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ माळरानांचा रहिवासी. पिवळसर अंगावर काळे ठिपके असतात म्हणून त्याला बिबट्याचे नाव मिळाले. पूर्ण वाढलेला गेको शेपटीसह साधारण 20 ते 25 सेंटिमीटर भरतो. दिवसा तो दगडांच्या फटीत किंवा बिळात दडून राहतो आणि संध्याकाळी शिकारीला निघतो.

आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात. ती जिभेने डोळे पुसते. लेपर्ड गेकोला मात्र उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात. घरातल्या पालीच्या बोटांखाली भिंतीला चिकटणाऱ्या गाद्या असतात, याच्या बोटांना नुसती नखे असतात. त्यामुळे तो काचेवर चढू शकत नाही, तो जमिनीवरचाच प्राणी आहे. म्हणून त्याला उंच पेटीपेक्षा लांब-रुंद पेटी लागते. त्याची जाड शेपटी ही चरबीची शिदोरी असते. अन्न मिळाले नाही की तो या साठ्यावर दिवस काढतो.

त्याचे सख्खे भाऊबंद महाराष्ट्रातही आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही जात राज्याच्या काही भागांत आढळते, तर सातपुड्यातली युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही जात 2014 मध्ये विज्ञानासाठी नव्याने नोंदवली गेली. खेडोपाडी या पाली विषारी समजून मारल्या जातात. प्रत्यक्षात जगातली कोणतीही गेको पाल विषारी नाही.

भारतात आधी कायदा

भारतात मात्र गेको घेण्याआधी कायद्याचा विचार करावा लागतो. रानातली पाल पकडून घरी आणू नये आणि अशी पाल कोणी विकत असेल तर घेऊ नये. टोके नावाच्या मोठ्या गेकोची ईशान्य भारतातून औषधी गुणांच्या अफवांवर तस्करी होत आली आहे. 2019 मध्ये त्याचा समावेश ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर या कराराच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली आणि तिचे नियम 2024 मध्ये आले. त्यामुळे दुकानदाराच्या ‘सगळे कायदेशीर आहे’ या शब्दावर न विसंबता वन विभागाकडे चौकशी करावी, मगच पुढचा विचार करावा. पुढील माहिती जिथे लेपर्ड गेको पाळायला रीतसर परवानगी आहे आणि तो पाळीव जोडीपासून पैदास केलेला आहे, अशा घरांसाठी आहे.

ऊब हेच त्याचे पचन

माणसाचे शरीर अन्न जाळून स्वतःची उष्णता तयार करते. बाहेर कडाक्याची थंडी असो की वैशाखातले ऊन, शरीराचे तापमान 37 अंशांच्या आसपास टिकते. गेकोच्या शरीरात ही सोय नाही. तो उष्णता बाहेरून घेतो. गार झाला की उबदार दगडावर जातो, तापला की सावलीत सरकतो. अन्न पचवणारे स्राव, स्नायूंची हालचाल, जंतूंशी लढणाऱ्या पेशी हे सारे त्या बाहेरच्या उष्णतेवर चालते. अंड्यातल्या पिल्लाचे लिंगसुद्धा उबेवर ठरते. लेपर्ड गेकोची अंडी 26 अंशांच्या आसपास उबवली तर बहुतेक माद्या निपजतात, 32 ते 33 अंशांना बहुतेक नर.

आता 20-22 अंशांच्या दिवाणखान्यात, खाली गरम जागा नसलेल्या पेटीत हा प्राणी ठेवला तर काय होते? त्याला भूक लागत नाही. त्यातूनही त्याने खाल्लेच, तर पोटातले अन्न पचण्याऐवजी कुजू लागते आणि तो ते ओकून टाकतो. म्हणजे न खाणारा गेको अनेकदा हट्टी किंवा आजारी नसतो, तो गारठलेला असतो. अशा वेळी किडे बदलून उपयोग होत नाही, तापमापक पाहावा लागतो.

पेटीची दोन टोके

पेटी गेको आणण्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी मांडून, तापमान स्थिर झाल्याची खात्री करून घ्यावी. पूर्ण वाढलेल्या गेकोसाठी किमान 90 सेंटिमीटर लांब आणि 45 सेंटिमीटर रुंद पेटी असावी, असा आता बऱ्याच जाणकारांचा सल्ला आहे. लांबी लागते ती मुख्यतः एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा ठेवता यावा म्हणून. उबदार टोकाला जिथे गेको पोट टेकतो त्या जागेचे तापमान 32 अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे 90 अंश फॅरनहाइट असावे. गार टोक 24 ते 26 अंशांवर असावे. रात्री तापमान 20 अंशांपर्यंत उतरले तरी चालते.

उष्णतेसाठी वरून दिवा किंवा खालून तापणारी चटई वापरतात. काहीही वापरले तरी त्याला थर्मोस्टॅट जोडलेला असलाच पाहिजे. त्याशिवाय चटई इतकी तापू शकते की गेकोच्या पोटाला भाजते आणि तरीही तो तिथून हलत नाही. आतून तापणारे कृत्रिम दगड बाजारात मिळतात, ते याच कारणासाठी टाळावेत. थर्मोस्टॅटची तार गेको बसतो त्याच जागी ठेवावी. पेटीच्या भिंतीवर चिकटवलेला गोल तापमापक हवेचे तापमान दाखवतो. जमिनीचे तापमान त्यातून कळत नाही.

आडोसे तीन हवेत : एक उबदार टोकाला, एक गार टोकाला आणि तिसरा ओलसर. या तिसऱ्यात ओले शेवाळ किंवा ओला किचन पेपर ठेवतात. त्याचा उपयोग कात टाकताना होतो. उथळ वाटीत रोज ताजे पाणी ठेवावे. सुरुवातीला तळाशी साधा किचन पेपर अंथरणे सर्वांत उत्तम. त्यावर विष्ठा दिसते, पेपर बदलता येतो आणि किड्याबरोबर काही पोटात जाण्याची भीती राहत नाही. नुसती सुटी वाळू, विशेषतः पिल्लांसाठी, टाळावी. ती पोटात साचून आतडे तुंबू शकते. दिवसा बारा तास उजेड आणि रात्री पूर्ण अंधार हवा. रात्री लाल-निळे दिवे लावू नयेत.

एका पेटीत एकच गेको ठेवावा. ‘त्याला सोबत हवी’ ही माणसाची भावना आहे. दोन नर एकमेकांना जखमी करतात आणि इतर जोड्यांतही एक जण उबेची जागा आणि खाणे बळकावून बसतो.

पहिले दोन आठवडे

दुकान, डबा, गाडीचा प्रवास, नवे वास, नवे आवाज, वरून येणारे मोठे हात. गेकोच्या दृष्टीने वरून येणारा हात म्हणजे घार किंवा घुबड. त्यामुळे पहिले एक ते दोन आठवडे त्याला हातात घेऊ नये. पाणी बदलणे, घाण काढणे आणि खाणे ठेवणे यापलीकडे पेटीत हात घालू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर संध्याकाळी दिवे मंद करून दोन-चार किडे सोडावेत. न खाल्लेले किडे रात्रभर तसेच राहू देऊ नयेत. भुकेले रातकिडे झोपलेल्या गेकोला कुरतडतात.

फार घाबरला तर गेको शेपटी तोडून टाकतो. तुटलेली शेपटी वळवळत राहते, शिकारी तिच्याकडे पाहत बसतो आणि गेको निसटतो. नवी शेपटी येते, पण ती गुळगुळीत आणि फुगीर असते, पहिल्यासारखी वलये तिला नसतात. शिवाय शिदोरीच गेल्याने त्याच्या शरीरावर ताण पडतो. म्हणून त्याला शेपटीने कधीही धरू नये. त्याची सवय करायची असेल तर हात पेटीत जमिनीवर उताणा ठेवून शांत बसावे आणि तो स्वतःहून चढू द्यावा. यासाठी काही आठवडे लागले तरी बिघडत नाही.

या काळात गेको स्वयंपाकघरातल्यासारख्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा तोलावा आणि वजन वहीत लिहावे. काटा अर्थातच वेगळा हवा, स्वयंपाकघरातला नको. कधी खाल्ले, विष्ठा कशी होती, कात कधी टाकली, हेही त्याच वहीत लिहावे. गेको बोलत नाही, त्यामुळे पशुवैद्यकाला ही वहीच सगळे सांगते.

किडे द्यायचे, पण कसे

लेपर्ड गेको फक्त किडे खातो. फळे, भाज्या, भात, मांसाचे तुकडे हे त्याचे अन्न नाही. रातकिडे, डुबिया जातीची झुरळे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या हा त्याचा नेहमीचा आहार. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. पिल्लांना रोज किंवा एका दिवसाआड, तर मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा खाणे पुरते. बागेतले किडे पकडून देऊ नयेत, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. काजवा तर चुकूनही देऊ नये. काही जातींच्या काजव्यांतले विष पाळीव सरड्यांचा जीव घेते.

नुसते किडे मात्र पुरत नाहीत. पाळलेल्या किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असते. असा आहार चालू राहिला की रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी गेकोचे शरीर हाडांतून ते काढून घेते. हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो, अंगाला कंप सुटतो. लहान मुलांच्या मुडदुसासारखाच हा प्रकार, आणि वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही. तो टाळण्याचा उपाय सोपा आहे. देण्याआधी किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावेत आणि त्याआधी एक-दोन दिवस त्यांना पालेभाज्या, गाजर असे सकस खाणे द्यावे. कॅल्शियम शोषायला डी-3 जीवनसत्त्व लागते. ते ठरलेल्या मात्रेत भुकटीतून देता येते किंवा सौम्य यूव्हीबी दिव्याखाली गेकोची त्वचा ते तयार करते. डी-3 जास्त झाले तरी अपाय होतो. त्यामुळे किती आणि कितीदा द्यायचे हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे.

कात, बोटे आणि धोक्याच्या खुणा

कात टाकण्याआधी गेको फिका, पांढुरका दिसतो. जुनी त्वचा सोलून तो स्वतःच खाऊन टाकतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कात टाकून झाली की बोटे आणि डोळ्यांच्या कडा निरखाव्यात. बोटाभोवती राहिलेली जुनी कात वाळून अंगठीसारखी आवळते, रक्त थांबते आणि बोट गळून पडते. अशी कात दिसली तर कोमट पाण्याने ओलावलेल्या कागदावर त्याला थोडा वेळ ठेवून मऊ कापसाच्या काडीने हळूच सोडवावी. कोरडी कात ओढू नये.

पूर्ण वाढलेला, जाड शेपटीचा गेको नव्या घरात आठवडाभर उपाशी राहिला तर तापमान तपासावे आणि वाट पाहावी. पिल्लाकडे तेवढा साठा नसतो. पिल्लाने आठवडाभर काही खाल्ले नाही, किंवा कोणत्याही वयाच्या गेकोचे वजन दहा टक्क्यांनी घटले, शेपटी बारीक होत चालली, विष्ठा पातळ व दुर्गंधी झाली, खाल्लेले ओकले, तोंड उघडून श्वास चालू झाला किंवा डोळे मिटलेलेच राहू लागले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक गाठावा. प्रत्येक पशुवैद्यक हे प्राणी पाहतो असे नाही. म्हणून त्याचा पत्ता गेको आणण्याआधीच शोधून ठेवावा आणि पहिल्या महिन्यात विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

या तपासणीमागे एक मोठे कारण आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी गेकोच्या आतड्यात वस्ती करतो, अन्न अंगी लागू देत नाही आणि जाड शेपटीची काडी करून टाकतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही, नेहमीची बरीच जंतुनाशकेही त्याला दाद देत नाहीत. घरात आधीचा गेको असेल तर नव्याला दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे आणि आधी जुन्याचे, मग नव्याचे काम करावे.

घरातल्या माणसांची काळजी

पालीच्या विषाची भीती निराधार असली तरी तिच्यामुळे येणारा एक आजार खरा आहे. तो म्हणजे साल्मोनेला. हे जिवाणू निरोगी गेकोच्या आतड्यातही असू शकतात. ते विष्ठेतून बाहेर पडतात आणि त्याच्या अंगावर, पेटीत, पाण्याच्या वाटीवर राहतात. त्यांची विष्ठेतली हजेरी कमी-जास्त होत असल्याने एकदा तपासणीत सापडले नाहीत म्हणजे धोका टळला असे होत नाही. धडधाकट माणसाला त्यामुळे ताप, जुलाब, पोटात मुरडा येतो आणि तो काही दिवसांत बरा होतो. तान्ही बाळे, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्यात मात्र जिवाणू रक्तात पसरून आजार जिवावर बेतू शकतो. 2015 मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांतले लोक अशा संसर्गाने आजारी पडले आणि तपासात धागा पाळीव क्रेस्टेड गेकोंपर्यंत पोहोचला.

म्हणूनच पाच वर्षांखालची मुले, 65 वर्षांवरील माणसे किंवा केमोथेरपीसारखे उपचार चालू असलेले कोणी घरात असेल, तर सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असा अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. इतरांसाठी नियम सोपे आहेत. गेकोला किंवा पेटीतल्या कशालाही हात लावल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. पेटी स्वयंपाकघरात ठेवू नये, तिची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासू नयेत. गेकोचा पापा घेऊ नये, त्याला जेवणाच्या टेबलावर फिरवू नये. नातवंडांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांनीही हे नियम आधी विचारून घ्यावेत.

रंगाला भुलू नये

बाजारात लेपर्ड गेको आता पांढरे, नारिंगी, लिंबू रंगाचे असे नाना प्रकारचे मिळतात. हे रंग निवडक पैदाशीतून आले आहेत आणि प्रत्येक रंग निरोगी असतोच असे नाही. लेमन फ्रॉस्ट नावाच्या आकर्षक वाणात बहुसंख्य गेकोंना त्वचेतल्या रंगपेशींच्या गाठी होतात, त्यामागचे जनुक शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये शोधून काढले. एनिग्मा या वाणात तोल जाणे, गोल गोल फिरणे, मान वाकडी होणे असा मज्जासंस्थेचा दोष दिसतो. निवड करताना रंग पाहण्याआधी शेपटी जाड आहे का, डोळे स्वच्छ व उघडे आहेत का, वीसही बोटे शाबूत आहेत का आणि तो सरळ चालतो का, हे पाहावे. विकणाऱ्याने तो आपल्यासमोर खाताना दाखवला तर उत्तमच.

आणि एक हिशेब खरेदीच्या आधीच मांडावा. नीट सांभाळलेला लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षे जगतो. आज दहा वर्षांच्या मुलीने हट्टाने आणलेला गेको ती नोकरीला लागेपर्यंत घरात असेल. मधल्या काळात ती शिकायला दूर गेली तर किडे कोण देणार, थर्मोस्टॅट कोण तपासणार, हे घरातल्या मोठ्यांनी आधीच ठरवावे. उत्तर मिळत नसेल तर गेको न घेणे हेही त्याची काळजी घेण्यासारखेच आहे. मिळाले असेल, तर आधी रिकामी पेटी लावून तीन दिवस तापमान पाहावे. दोन्ही टोकांचे आकडे जागेवर राहिले की मगच त्याला घरी आणावे.